खोली आधी, बिऱ्हाड मागून

मे महिना उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या टपालाचा सूर बदलतो. परीक्षा आटोपलेल्या असतात, जूनमध्ये शाळा उघडणार असतात आणि ज्या घरांना गाव सोडून शहर गाठायचे आहे त्यांच्या हाती जेमतेम पाच-सहा आठवडे उरलेले असतात. यंदा धर्मापुरीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. हे धर्मापुरी बीड जिल्ह्यातले, किल्ल्याचे आणि केदारेश्वराच्या जुन्या देवळाचे. तमिळनाडूतही एक धर्मपुरी आहे. ताईंनी पाकिटावर 'जि. बीड' दोनदा लिहिले आहे ते बहुधा त्याचसाठी.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. यजमान सहा महिन्यांपासून चाकणकडे एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहेत. चार पोरांच्या खोलीत पाचवे म्हणून राहतात आणि खानावळीचे जेवतात. आता काम टिकेलसे दिसते म्हणून त्यांनी बायको-मुलांना बोलावले आहे. एक मूल तिसरीत, एक सहावीत. दीर म्हणतात, 'टेम्पो करा आणि जा, गेल्यावर खोली मिळतेच.' यजमानांच्या एका सोबत्याने मोबाईलवर खोलीचे फोटो धाडले आहेत आणि खोली धरून ठेवण्यासाठी पाच हजार टोकन ताबडतोब पाठवा म्हणतो. एका दलालाने आणखी एक शहाणपण शिकवले आहे : 'आडनाव विचारले तर नुसते गाव सांगा, आणि तसबिरी महिना-दोन महिने पेटीतच राहू द्या.' ताई विचारतात, काय करावे?

आमचे उत्तर पहिल्या ओळीतच देऊन टाकतो. खोली आधी, बिऱ्हाड मागून. टोकन पाठवू नका. नाव लपवू नका. आता कारणे.

आपल्या बीड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दिवाळी आटोपली की उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी कारखान्यांच्या भागात निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. तिथे जागा कोण ठरवतो? मुकादम ठरवतो. जागा कसलीही असो, शेताच्या कडेला असो की माळावर असो, 'कोठे उतरायचे' हा प्रश्न कुटुंबाला पडत नाही. म्हणूनच दिरांच्या तोंडी 'गेल्यावर मिळतेच' हे वाक्य सहज येते. शहरात मात्र मुकादम नसतो. तिथे भरलेला टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा आहे, ड्रायव्हर हळटिंगचे पैसे मोजतो आहे, पोरे भुकेने रडताहेत, अशा वेळी समोरचा जे भाडे सांगेल ते द्यावे लागते आणि जी खोली दाखवील ती घ्यावी लागते. दलालांना हे नेमके ठाऊक असते. रिकाम्या हाताने, पिशवीत दोन दिवसांचे कपडे घेऊन गेलेल्या माणसाला 'नको' म्हणता येते. सामान घेऊन गेलेल्याला म्हणता येत नाही.

आणि आपल्या माणसाला तर एक जादा प्रश्न विचारला जातो. त्या प्रश्नाची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. ती प्रत्येक घराला ठाऊक आहे, पण ताईंच्या प्रश्नाच्या उजेडात ती पुन्हा वाचण्यासारखी आहे.

सन १९१७. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर हजर होण्यासाठी निघाले. महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारान्वये त्यांना तेथे दहा वर्षे चाकरी करायची होती. नोकरी पक्की होती, पगार पक्का होता, पदव्या होत्या. राहायला जागा तेवढी नव्हती. परदेशातील वर्षांत अस्पृश्यतेची जाणीव जवळपास पुसली गेली होती; बडोद्याला उतरल्यावर, जायचे कोठे आणि घेईल कोण, हा प्रश्न एकदम पुढे उभा राहिला. हिंदूंच्या खानावळी घेणार नाहीत हे ठाऊक होते. परदेशात ओळख झालेले काही स्नेही गावात होते, पण त्यांच्या दारात गेल्यावर ते संकोचतील की काय, याची खात्री नव्हती. तेव्हा ते पारशांच्या एका धर्मशाळेत गेले. धर्मशाळा फक्त पारशांसाठी होती. सदरा-कस्ती अंगावर नाही हे रखवालदाराच्या लक्षात आले. पण गिऱ्हाईक नसल्याने तोही अडचणीत होता, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहायच्या बोलीवर दिवसाला दीड रुपयावर राहणे-जेवणे ठरले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. बाकीची जागा अडगळीने भरलेली, रात्री कंदिलाच्या उजेडात वाचत बसायचे, आणि वटवाघळांची फडफड. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो मंजूर होईतो असेच काढायचे होते.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघण्याच्या वेळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन वर आले. कोण तू, धर्मशाळा का बाटवलीस, संध्याकाळच्या आत जागा सोड. आठ दिवसांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. बाबासाहेबांनी एका हिंदू स्नेह्याला विचारले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती स्नेह्याला विचारले; बायकोला विचारून सांगतो म्हणाला. त्या उत्तराचा अर्थ त्यांना कळला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ती बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते आणि त्या जागेला आपले लोक 'संकल्पभूमी' म्हणतात. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने छापल्या. ज्यांच्या घरी मुले इंग्रजी वाचतात त्यांनी ती छोटी पुस्तिका जरूर वाचून घ्यावी.

या प्रसंगाचे व्याख्यानांतून आपण नेहमी संकल्पाचे टोक धरतो. ते योग्यच आहे. पण घर शोधणाऱ्याने त्यातला आकडाही पाहावा : अकरा दिवस. खोट्या नावावर मिळालेले छप्पर अकरा दिवस टिकले. त्या अकरा दिवसांतही रोज दुसऱ्याचे नाव वागवायचे आणि कोणी ओळखेल या धाकात जिना चढायचा. बाबासाहेबांना दुसरा मार्गच नव्हता. बडोद्यात त्यांचा विहार नव्हता, वस्ती नव्हती, आधी फोन करून विचारावे असा माणूस नव्हता. आज पुण्यात, पिंपरीत, छत्रपती संभाजीनगरात, कल्याणला, नागपुरात ते सारे आहे. जो उपाय त्यांना नाइलाजाने करावा लागला, तो आपण एका दलालाच्या सांगण्यावरून हौसेने का करावा?

आता दलालाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो खोटे सांगत नाही. नाव ऐकून नकार मिळतो, आजही मिळतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद या भागांत याची रीतसर पाहणी केली; ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. घर भाड्याने हवे म्हणून एकाच घरमालकाला उच्चजातीय, दलित आणि मुस्लिम नावांनी फोन केले. उच्चजातीय नावाला जवळजवळ सगळीकडे होकार मिळाला. दलित नावाला शंभरातल्या सुमारे १८ ठिकाणी सरळ नकार मिळाला आणि २३ ठिकाणी जादा अटी घातल्या गेल्या. मुस्लिम नावाचे हाल त्याहून वाईट. पण याच आकड्याचे दुसरे अंगही पाहा. निम्म्याहून अधिक ठिकाणी, खरे नाव सांगूनही, फोनवर होकार आला. म्हणजे दहा ठिकाणी विचारले तर पाच-सहा दारे उघडी असण्याचा संभव आहे. तुम्हाला हवी आहे एकच.

महाराष्ट्रात विचारणा आडवळणाने होते. आपली पुष्कळशी आडनावे इतर समाजांतही आहेत. त्यामुळे जाधव, गायकवाड, वाघमारे एवढ्यावर समोरच्याचे समाधान होत नाही. मग 'मूळ गाव कुठले', 'गावात घर कोणत्या बाजूला', 'घरी देव कोणते', आणि सर्वांत सभ्य दिसणारा प्रश्न, 'तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?' या शेवटच्या प्रश्नामागे कधी खरोखर स्वयंपाकघर असते, कधी दुसरेच काही असते.

म्हणून आमचा सल्ला व्यवहाराचा आहे. पहिल्या फोनवरच, भाड्याचे बोलण्याआधी, पूर्ण नाव सांगा, गाव सांगा, आम्ही बौद्ध आहोत हे सांगा, घरात किती माणसे ते सांगा, मांसाहार करतो तेही सांगून टाका. ज्याला नको आहे तो फोनवरच 'खोली गेली' म्हणेल. तुमचे एसटीचे भाडे वाचले, एक दिवस वाचला. ज्याने हे ऐकून 'या बघायला' म्हटले, त्याच्या घरात तुमच्या मुलांना शेजारच्यांपाशी तोंड सांभाळून बोलावे लागणार नाही. लपवाछपवीचा भार शेवटी मुलांवरच पडतो हे ध्यानात घ्या. सहावीतल्या मुलीला 'कोणी विचारले तर सांगू नकोस' असे शिकवून शहरातल्या शाळेत पाठवायचे का, हे ताईंनीच ठरवावे. तसबिरींचेही तसेच. पहिल्याच दिवशी लावा. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही ही तक्रार मात्र सर्व जातीधर्मांच्या भाडेकरूंची आहे. त्यावर चिकटणारे हूक मिळतात.

कायदा काय म्हणतो, असेही ताईंनी विचारले आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा तेथे राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीत गणले जाते, हेही लक्षात असू द्या. अडचण पुराव्याची आहे. 'जातीमुळे देत नाही' असे कोणी तोंडाने म्हणत नाही. 'पाहुणे यायचे आहेत' म्हणतात. एका खोलीच्या नकारावरून कोर्टाच्या पायऱ्या चढा असे आम्ही रोजंदारीच्या माणसाला सांगणार नाही. पण राहायला गेल्यानंतर कोणी चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली, तर ती गोष्ट वेगळी. तेथे अॅट्रॉसिटी कायदा आहे आणि तेथे गप्प बसू नये.

आता खोली पाहायला कोणी जायचे? आपल्याकडे पुरुष जाऊन पाहून येतो आणि बायको सामानासोबत येऊन पहिल्यांदा उंबरा ओलांडते. ही रीत आम्हाला मुळीच पटत नाही. पुरुष त्या खोलीत झोपायला येतो. बाई तिच्यात दिवस काढते. यजमानांना फार तर खोलीपासून कंपनीची बस कोठे थांबते एवढे ठाऊक असेल. पाणी, मोरी, धूर, कपडे वाळवायची जागा हे बाईलाच दिसते. तेव्हा ताईंनी स्वतः जावे. २०२३ पासून राज्याच्या एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्याचा यापेक्षा चांगला उपयोग नाही. अंबाजोगाईहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी पुणे. दोन दिवस हाताशी ठेवावेत आणि एक रात्र कोणा नातेवाइकाकडे काढावी, म्हणजे खोली दिवसाही पाहता येते आणि अंधार पडल्यावरही.

दोन्ही वेळा पाहणे आम्ही मुद्दाम सांगतो. दुपारी बाराला गेलात तर पत्र्याची खोली किती तापते ते कळेल. मे महिन्यात ज्या खोलीत तासभर बसवत नाही तिथे रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार कसा? संध्याकाळी सातला गेलात तर गल्लीत दिवे आहेत का, बायका-मुली बाहेर वावरतात का, कोपऱ्यावर दारूचा अड्डा आहे का, ते दिसेल. सकाळी गेलात तर पाणी दिसेल. पाण्याबद्दल घरमालकाला विचारूच नका, तो 'चोवीस तास' म्हणणार. शेजारणीला विचारा : नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, त्याचे पैसे कोण देतो. संडास सामाईक असेल तर किती बिऱ्हाडांत आणि तो धुतो कोण. विजेचा मीटर स्वतंत्र आहे की घरमालकाचा सबमीटर. सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये लावतो. चाळींतून भाडे कमी सांगून विजेत वसूल करणारे महाभाग पुष्कळ आहेत. भिंतींवर खालून ओल चढलेली असेल, किंवा नुकताच रंग मारून एखादा कोपरा झाकला असेल, तर पावसाळ्यात काय होणार ते समजा. शाळेचे अंतर पायी चालून पाहा, मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का तेही पाहा. चाकण-भोसरीकडच्या रस्त्यांवरून अवजड गाड्या अखंड धावतात. तिसरीतल्या मुलाला एकट्याने तो रस्ता ओलांडायचा असेल तर पाचशे रुपये जास्त देऊन अलीकडची खोली घेतलेली बरी.

घरमालक तुमची चौकशी करतो तशी तुम्हीही त्याची करा. आधीचे बिऱ्हाड का गेले, हे शेजारणी बरोबर सांगतात. अनामत परत देताना तो कुरकुर करतो का, हेही त्याच सांगतात.

फोटोंवर पाच हजार मागणाऱ्या सोबत्याविषयी. तो सोबती प्रामाणिकही असेल. त्याने स्वतः तरी ती खोली पाहिली आहे का, हे आधी विचारा. मोबाईलवरच्या फोटोतली खोली अस्तित्वात असते, पण ती ज्याने फोटो टाकला त्याची असतेच असे नाही. आपण फौजी आहोत, बदली झाल्याने घर द्यायचे आहे, असे सांगून ओळखपत्राचा फोटोही धाडणारे ठग आहेत. खोलीत उभे राहिल्याशिवाय आणि मालकाचे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा.

खोली पसंत पडली की कागदाचा विषय येतो आणि येथे आपली माणसे हमखास कंटाळतात. 'अकरा महिन्यांचा करार' हा शब्द सर्वांना माहीत आहे, पण स्टॅम्पपेपरवर टाईप करून सह्या केल्या की करार झाला असा समज आहे. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास शिक्षा त्याला आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

खर्च किती? सरकारी खर्च फार नाही. समजा भाडे महिना सहा हजार आणि परत मिळणारी अनामत वीस हजार. अकरा महिन्यांचे भाडे ६६,००० होते. अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज सुमारे १,८३३. या दोहोंच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. बाकी जे तीन-चार हजार सांगतात ती करून देणाऱ्याची मजुरी. तिच्यावर घासाघीस करता येते. आता हे काम ऑनलाईनही होते. माणूस यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारवर अंगठा लावून नोंदणी पुरी करतो. हा खर्च कोणी द्यायचा, निम्मा-निम्मा की कसा, ते आधीच बोलून घ्यावे. दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी मागतात, तीही आधीच ठरवावी. करारात अनामतीची रक्कम अक्षरी लिहिलेली हवी, आणि ती किती दिवसांत परत करायची तेही. पैसे खात्यातून द्या. रोख दिले तर पावती घ्या.

हा कागद भांडणासाठीच लागतो असे नाही. गॅस, बँक, आधारवरचा पत्ता, सगळीकडे तोच चालतो. शिक्षणहक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांवर लहान मुलाला घालायचे असेल तर भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत करारच मागतात. साधा स्टॅम्पपेपर चालत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना त्या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. ताईंची मुले मोठी आहेत, पण ज्यांचे मूल नर्सरी किंवा पहिलीचे आहे त्यांनी हे कात्रण जपून ठेवावे.

आता वस्तीचा प्रश्न. आपल्या माणसांत राहावे की बाहेर? यावर आमच्या कचेरीतच दोन मते आहेत. आमचे स्वतःचे मत असे की, नव्या शहरात पहिले वर्ष माणसे जवळ असलेली बरी. मूल तापाने फणफणले आणि यजमान रात्रपाळीला असले, तर दार कोणाचे ठोठावायचे? मुंबईत आपले वाडवडील गेले तेही आधी गाववाल्याच्या खोलीवरच उतरले. खुद्द बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत कामगारांच्या शेजारात वीसहून अधिक वर्षे राहिले, आणि मग दादरला राजगृह झाले. तेव्हा चाळीत राहण्यात कमीपणा नाही आणि तिथेच कायम राहिले पाहिजे असाही नियम नाही. फक्त, नकाराच्या भीतीने बाहेर विचारायचेच नाही, हे नको. कंपनी एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला असेल, रोजचे तीन तास बसमध्ये जाणार असतील, तर कंपनीजवळ विचारून पाहा. आणि खोली शोधताना रविवारी जवळच्या विहारात जा. वंदना आटोपल्यावर दोन मिनिटे मागून सरळ सांगा की, अमुक भागात, एवढ्या भाड्यात खोली हवी आहे. दलाल जे दाखवत नाही ते तिथल्या बायका सांगतात, आणि त्याची दलाली नसते.

निघण्याआधी गावातली कागदपत्रे मात्र उरकून घ्या, कारण नंतर त्या एका कागदासाठी दोन रोज बुडतात. शाळा सोडल्याचे दाखले तर लागतीलच. त्याहून महत्त्वाचे जातीचे दाखले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास मूळ जिल्ह्यातला दाखवावा लागतो. म्हणजे मुले पुण्यात शिकली तरी दाखला बीड जिल्ह्यातूनच निघणार. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, महसुलाचा एखादा जुना कागद शोधून त्याच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या नकला करून ठेवा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने उतारे उर्दूत किंवा मोडीत निघतात आणि त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो. रेशनकार्ड रद्द करायची घाई करू नका. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे गावच्या कार्डावर पुण्यातल्या दुकानातून अंगठा लावून धान्य उचलता येते आणि घरची उरलेली माणसे आपल्या वाट्याचे गावात उचलू शकतात.

ज्यांचे एकटे मूल कॉलेजसाठी शहरात निघाले आहे त्यांच्यासाठी एवढेच : आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज. तिथे नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला साठ हजार रुपये, लहान शहरांत त्याहून कमी. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. हे पैसे उशिरा खात्यात येतात, म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांच्या भाड्याची सोय आपल्याकडून ठेवावी.

ताईंचा शेवटचा प्रश्न सासूबाईंचा आहे : त्यांना आताच न्यावे की मागून? खोली एकच, संडास बहुधा जिन्याखाली, आणि ओळखीचे कोणी नाही. दिवाळीपर्यंत त्यांना धर्मापुरीतच राहू द्या. त्यांच्या रेशनचे आणि औषधाचे दीर पाहतील. तोवर तळमजल्यावरची एखादी खोली नजरेत आली तर ती आधी सासूबाईंना नेऊन दाखवा, मग अनामत द्या.